तंत्रज्ञान की चित्रकला? शाळेत एकच घेता येत असेल तर

विषयनिवडीच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात आणि टिक एकातच करायची असते. घरातला वाद बहुधा ‘पुढे नोकरी कशाने मिळेल’ यावर रंगतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. आपलं चुकलं हे मुलाला कळतं कसं, ते बघा. दोन्ही विषयांचा खरा फरक तिथे आहे.

तंत्रज्ञानाच्या तासाला चूक लपत नाही. एलईडी उलटा जोडला तर पेटत नाही. कंस बंद करायचा राहिला की प्रोग्रॅम अडतो. खाच दोन मिलिमीटर मोठी कापली गेली तर लाकडाचा सांधा डुगडुगतो. शिक्षक काही बोलायच्या आत वस्तूनेच निकाल दिलेला असतो. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलं यातून हळूहळू शिकतात (वैतागत शिकतात, पण शिकतात).

चित्रकलेत कागद तक्रार करत नाही. समोरच्या वाडग्याचं तोंड गोल आहे हे माहीत असतं, म्हणून दिसत असलेला लंबगोल काढायला हात धजत नाही. आपण दिसतं ते सोडून माहीत असतं ते काढतो. ही सवय मोडायला महिने लागतात, आणि शेजारी उभं राहून ‘पुन्हा बघ’ म्हणणारं कुणीतरी लागतं.

त्याचं मोल किती? 1609 मध्ये इंग्लंडच्या थॉमस हॅरियट या गणितज्ञाने गॅलिलिओच्या काही महिने आधी दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि रेखाटलाही. प्रकाश आणि अंधार यांच्यामधली खडबडीत रेघ त्याने काढली, पण त्यात डोंगर आहेत हे त्याच्या लक्षात आलं नाही. गॅलिलिओला चित्रकलेची जाण होती. तेच डाग त्याने सावल्या म्हणून वाचले आणि चंद्रावर डोंगर आहेत असं 1610 मध्ये छापून टाकलं. दुर्बीण तर दोघांकडेही होती.

साधनं जुनी होतात, हा तंत्रज्ञानावरचा नेहमीचा आक्षेप. तो अर्धाच खरा आहे. वेबपानांवर अ‍ॅनिमेशन आणि गेम चालवणारा फ्लॅश प्लेयर 31 डिसेंबर 2020 ला बंद झाला, पण त्यासाठी अ‍ॅनिमेशन करताना कळलेलं लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा चालवणं) आणि अटींचं गणित वाया गेलं नाही.

दोन्ही जोडून शिकवणारा पर्याय असेल तर तो आधी बघा. जर्मनीत वायमारला 1919 मध्ये सुरू झालेल्या बाऊहाउस या कलाशाळेच्या कार्यशाळांत सुरुवातीला एक कलावंत आणि एक कारागीर असे दोघे मिळून शिकवत. शाळेत अशी जोडी क्वचितच मिळते.

ती नसेल तर फॉर्म भरण्याआधी त्या खोल्या बघून या. तंत्रज्ञानाच्या नावाखाली नुसते संगणक मांडले असतील तर मी चित्रकला घेईन. कोडमधली चूक मशीन घरीही दाखवेल, वाडग्याचं तोंड चुकलंय हे घरी सांगणारं बहुधा कुणी नसतं. खोलीत शिकंजा लावलेलं टेबल, ड्रिल, सोल्डरिंगची जागा आणि वापरून झिजलेल्या कानशी दिसल्या तर मात्र तंत्रज्ञान.