टॅग की सामायिक संग्रह? प्रौढांच्या वर्गाला एकत्र शोध घ्यायला शिकवताना

सोलापुरात मी संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घेतो. बिडी वळणाऱ्या मावश्या, यंत्रमागावरून थेट येणारे कामगार, दोघं-तिघं निवृत्त. एक विषय घ्यायचा, प्रत्येकानं शोधायचं, सापडलेले दुवे एका जागी साठवायचे आणि मग मिळून मांडणी करायची. सामाजिक बुकमार्किंगचा, म्हणजे असे दुवे ऑनलाइन साठवून सगळ्यांना दाखवण्याच्या सोयीचा, उपयोग होतो का, ही शंका मला आता उरलेली नाही. टॅगवर (प्रत्येक दुव्याला लावायच्या ओळखीच्या शब्दांवर) चालावं की सामायिक संग्रहांवर (सगळ्यांच्या मिळून ठरलेल्या कप्प्यांवर), हे ठरवायला मात्र वेळ लागला.

टॅगची पद्धत २००३ साली आलेल्या डिलिशस या दुवे साठवायच्या संकेतस्थळानं रुळवली. जो तो आपल्या मनानं शब्द लावतो आणि त्यातून सगळ्यांची सूची तयार होत जाते. मला ही कल्पना फार आवडली होती, म्हणून सुरुवात टॅगनंच केली.

विषय होता १९३०चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी शहरावर लादलेली लष्करी राजवट. त्या प्रकरणात फाशी गेलेल्या चौघांच्या स्मरणार्थ असणाऱ्या १२ जानेवारीच्या हुतात्मा दिनासाठी वर्गात तक्ते लावायचे होते. आदल्या आठवड्यात सगळ्यांसमोर ‘मार्शल लॉ’ हा टॅग उघडला, तर हाताला लागले तीनच दुवे. बाकीचे होते, पण कुठल्या कुठल्या नावाखाली! कुणी ‘मार्शललॉ’ असं जोडून लिहिलेलं, कुणी ‘लष्करी कायदा’. कुणी मधे मोकळी जागा सोडलेली, त्यामुळे ‘मार्शल’ वेगळा आणि ‘लॉ’ वेगळा. ‘हुतात्मा’, ‘हुतात्मे’, ‘चार हुतात्मे’ हे तीन निरनिराळे टॅग. इंग्रजी कागदपत्रांतून घेणाऱ्यानं गावाचं नाव ‘शोलापूर’ ठेवलेलं. यात साधनाचा दोष नाही. मराठीत शब्द प्रत्यय लागून बदलतो, आणि आपण लिहितोही दहा तऱ्हांनी.

वर्गातल्या एका मावशींनी त्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन यांच्यावरचा लेख मोठ्या कष्टानं शोधून ठेवला होता. तो पडद्यावर आलाच नाही. त्या हळूच म्हणाल्या, “सर, माझंच कायतरी चुकलं असंल बघा.” लेख नंतर सापडला, पण पुढचे दोन आठवडे त्यांनी काहीही साठवलं नाही. विशीतला मुलगा असता तर चार शब्द बदलून पुन्हा शोधलं असतं. पन्नाशीत पहिल्यांदा हे शिकणाऱ्या माणसाला, आपण ठेवलेलं दिसलं नाही की आपल्याला हे जमणारच नाही असं वाटतं. माझा निर्णय तिथंच झाला. टॅगांची यादी भिंतीवर चिकटवूनही पाहिली होती, पण दुवे साठवले जातात रात्री, घरी, फोनवर.

आता आम्ही रेनड्रॉप या दुवे साठवायच्या अ‍ॅपमध्ये सामायिक संग्रह करतो. ‘गिरण्या’, ‘मार्शल लॉ’, ‘चार हुतात्मे’, ‘जुन्या बातम्या’ असे मोजकेच कप्पे, तेही सगळ्यांनी बसून ठरवलेले. फोनवर ‘शेअर’ दाबायचं, कप्पा निवडायचा आणि खाली एक ओळ लिहायची: हे कुणी लिहिलंय, आणि मी का ठेवलं. ठेवलेलं लगेच डोळ्यांसमोर दिसतं.

उणीव आहेच. एक दुवा एकाच कप्प्यात बसतो. गिरणी कामगार १९३०च्या मे महिन्यात रस्त्यावर उतरले, तो लेख ‘गिरण्या’त घालायचा की ‘मार्शल लॉ’त, यावर आमच्याकडे अर्धा तास वाद रंगला. मला तो अर्धा तास वाया गेला असं वाटत नाही. लेखात नेमकं काय म्हटलंय हे पाहायला सगळ्यांनी तो पुन्हा वाचला, आणि एरवी मी सांगून कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

तुमच्याकडे प्रत्येकाला संगणक असेल आणि शिकणारे पदवीधर असतील, तर डीगो (Diigo) या दुवे साठवायच्या दुसऱ्या साधनाचा विचार जरूर करा. गटातल्या सगळ्यांना एकाच पानावर रंगीत खुणा करता येतात, चिठ्ठ्या लावून तिथंच चर्चा करता येते. बारकाईनं वाचायला शिकवायचं तर ही सोय फार मोलाची. तिथं टॅगही बहुधा निभतील, फक्त लेखन आधी ठरवून घ्या. आमच्या वर्गात संगणक दोनच, त्यामुळे मी तिकडे वळलो नाही.

काहीही निवडा, पण महिनाअखेरीस सगळे दुवे निर्यात करून पेनड्राइव्हवर ठेवा. डिलिशस २०१७ मध्ये फक्त वाचण्यापुरतं उरलं, त्यात नवं काही साठवता येईना. आमच्याकडे हे काम आता त्याच मावशी करतात.