बर्फाचा अंदाज देणारं अ‍ॅप, सहा महिन्यांनंतर: सेंटिमीटर दिसतात, शून्य अंशाची रेघ दिसत नाही

सहामाही वर्गणी आपोआप पुन्हा कापली जायला नऊ दिवस उरलेत, म्हणून हे आत्ताच लिहून टाकते. स्कीच्या डोंगरावरच्या लिफ्टची स्थिती, कॅमेरे, उतारांचे नकाशे हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. मी पैसे भरले ते दहा दिवसांच्या बर्फाच्या अंदाजासाठी, आणि तक्रार आहे तीही त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल.

डिसेंबरच्या मध्यात, वादळाच्या आठ दिवस आधी फोन वाजला: ४५ सेंमी. दुसऱ्या दिवशी ५२, मग ३८, मग पुन्हा ४५. मी रजा टाकली, खोली घेतली, स्कीच्या तळाला मेण लावलं, कडांना धार काढली. शनिवारी पहाटे पायथ्याशी पोचले तर पाऊस. चांगला टपोऱ्या थेंबांचा, धो धो. गंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर जाणाऱ्या बंद डब्याच्या, काचांवरून मधल्या स्थानकापर्यंत पाणी ओघळत होतं. त्याच्या वर बर्फ लागला खरा, पण कालवलेल्या सिमेंटसारखा जड. वळायला गेलं की स्की जागच्या जागी अडकायची. तिसऱ्या फेरीत गुडघ्यांनी हात टेकले. माथ्याची लिफ्ट वाऱ्यामुळे दिवसभर बंद होती. खोलीचे पैसे गेले ते गेलेच.

ग्राहक सेवेला लिहिलं. तीन दिवसांनी छापील उत्तर आलं की अंदाज हा शेवटी अंदाज असतो. हे मलाही कळतं. पण घरी येऊन मी अ‍ॅपमध्ये शून्य अंशाची उंची शोधत बसले होते, म्हणजे हवेचं तापमान ज्या उंचीवर शून्याला पोचतं ती. आधी ठिकाणाचं पान, मग 'तपशील', मग 'वातावरण', मग तळापर्यंत सरकवत गेलं की एक फिकट करडी रेघ. शनिवारी ती २३०० मीटरवर होती. आमच्या डोंगराचा पायथा १५०० मीटरवर, माथा २४०० वर. हिमकण वितळायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे या रेघेच्या साधारण दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ बर्फ म्हणून पोचतो, त्याखाली पाऊस. म्हणजे निम्मा डोंगर पावसात भिजणार हे अ‍ॅपला आधीच ठाऊक होतं. मला मात्र त्यानं सांगितला फक्त माथ्याचा आकडा, आणि तो माथ्याचा आहे हेही सांगितलं नाही.

हे मला इतकं का लागलं, ते सांगते. ही सगळी अ‍ॅप्स मोठ्या हवामान मॉडेल्सवर चालतात, आणि ही मॉडेल्स जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतात. जीएफएस या अमेरिकन मॉडेलची जाळी सुमारे १३ किमीची, युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या मॉडेलची ९ किमीची. ९ किमीच्या एका चौकोनात दरी, कडा, माथा सगळं सरासरीत सपाट होऊन जातं. म्हणून अ‍ॅपला प्रत्येक उंचीसाठी वेगळा हिशेब करावा लागतो: वर जाताना साधारण दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. हे अ‍ॅप तो हिशेब करतं. पायथा, मध्य, माथा असे तीन आकडे त्याच्याकडे तयार असतात. काम केलेलं आहे, फक्त सूचनेत त्यातला सर्वांत मोठा आकडा उचलून पाठवतात. याचा राग मला अजून आहे.

त्या वेळी मी एक तारा दिला होता आणि 'आकडे फुगवतात' असं लिहिलं होतं. ते वाक्य मी मागे घेते आहे.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. अंदाज १८ सेंमीचा होता. सकाळी मोजपट्टीच्या कॅमेऱ्यात दिसले ३१. चालताना पावलाखाली आवाजसुद्धा येत नव्हता इतका हलका बर्फ. मी एका सरळ डब्यात तळापर्यंतचा नमुना घेतला आणि खोलीत वितळवला. हिशेब आला सुमारे १९ मिमी पाण्याचा. अ‍ॅपनं पाणी सांगितलं होतं १८ मिमी. म्हणजे पाणी जवळजवळ बिनचूक, चूक होती पुढच्या गुणाकारात. हे अ‍ॅप तेव्हा सरसकट दहापट करायचं, एक मिलिमीटर पाण्याला एक सेंटिमीटर बर्फ. पण ढगात उणे १२ ते उणे १८ अंशांच्या आसपास चांदणीसारखे फांद्याफांद्यांचे स्फटिक वाढतात, आणि ते साचतात तेव्हा मध्ये भरपूर हवा राहते. मग पंधरापट, वीसपटही होऊ शकतं. ओल्या बर्फात तेच पाच-सहापटीवर येतं. मग डिसेंबरचा आकडा पुन्हा पाहिला: ४५ मिमी पाणी, म्हणून ४५ सेंमी. दोन्ही वेळा चूक एकच, फक्त उलट दिशांना.

डब्याच्या फोटोसकट पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर देणाऱ्या व्यक्तीला हवामानशास्त्र येत होतं. चार परिच्छेद लिहिले होते, त्यात चूक मान्य केली होती, आणि तापमानानुसार बदलणारं गुणोत्तर तपासून पाहतोय असंही कळवलं होतं. फेब्रुवारीच्या अपडेटमध्ये ते खरंच आलं. त्यानंतरच्या चार वादळांपैकी तीन वेळा आकडा पाच सेंमीच्या आत जुळला. मी तीन तारे केले.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा सापडली, ती म्हणजे पंख्यासारखा पसरणारा आलेख. युरोपीय केंद्र सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ५१ अंदाज काढतं, ते सगळे यात एकत्र दिसतात. पंखा मिटलेला असेल, म्हणजे सगळे अंदाज जवळजवळ सारखे असतील, तर निघायची तयारी करायची. एका टोकाला २ आणि दुसऱ्या टोकाला ६० असेल तर रजेचा अर्जसुद्धा लिहायचा नाही. डिसेंबरातला ५२, ३८, ४५ चा खेळ हा फक्त मॉडेलच्या एकामागून एक आलेल्या फेऱ्यांचा होता. जीएफएस दिवसातून चार वेळा नव्यानं चालवलं जातं आणि मी चारही वेळा फोन उघडत होते. आता पाच दिवसांपलीकडचे सेंटिमीटर मी बघतच नाही.

चौथं वादळ मार्चमधलं. रेघ होती १९५० वर. पायथ्याशी पाऊस धरून चालले होते. दहाच्या सुमारास सरी इतक्या जोराच्या झाल्या की थेंबांचे बघता बघता हिमकण झाले, थेट पार्किंगपर्यंत. हिमकण वितळताना हवेतलीच उष्णता ओढून घेतात. वारा मंद असेल आणि सरी जोराच्या असतील तर रेघ त्यानंच खाली येते. अ‍ॅपला हे पकडता आलं नाही, पण त्याबद्दल तारा कापणार नाही. झाडांमधून जाणाऱ्या खालच्या उतारावर त्या दिवशी आम्ही सात फेऱ्या मारल्या. त्या हंगामातल्या सर्वांत चांगल्या.

हिमस्खलनाचा धोका या अ‍ॅपवर तपासू नका. एका रात्रीत ३० सेंमी ताजा बर्फ आणि वर जोरदार वारा, हे पडद्यावर मोहक दिसतं, पण आखलेल्या उतारांबाहेर नेमका तोच घात करतो. त्यासाठी त्या भागाचं पाच पातळ्यांचं हिमस्खलन पत्रक वेगळं वाचायचंच.

वर्गणीचं काय? आत्ता पुन्हा कापली गेली तर पुढचे सहा महिने मे ते ऑक्टोबर. बर्फ नसताना पैसे कापणारी ही सहामाही आपोआप चालू ठेवण्यात काही अर्थ नाही, मी बंद केली आहे. तुम्हीही सेटिंग तपासा. ऑक्टोबरच्या शेवटी बहुतेक पुन्हा घेईन. सूचनेत सेंटिमीटरच्या शेजारी शून्य अंशाची उंची छापा, एवढं तिसऱ्यांदा लिहून कळवलंय. 'यादीत घेतलं आहे' असं उत्तर आलंय. ते केलं तर चौथा तारा देईन.

उरलेल्या नऊ दिवसांत एक वादळ दिसतंय. परवा, २६ सेंमी, पंखा मिटलेला. करडी रेघ मी स्वतः जाऊन बघितली: १८००. स्कीला मेण लावून ठेवलंय.