वडिलांच्या स्मरणपुस्तिकेची छपाई: समाधानकारक काम

वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधील प्रार्थनाविधीसाठी, आम्ही वसईतील एका छोट्या छापखान्याकडून स्मरणपुस्तिका करून घेतली, आणि ज्या घरांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. वडील बागायतदार होते; पहाटेच्या लोकलने फुलांच्या करंड्या दादरच्या बाजारात पोहोचवून दुपारी ते पुन्हा वाडीत पाणी लावायला उभे असत, आणि दिवसभर कितीही राबले तरी संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सर्व मुलांना जवळ बसवून स्वतः सांगत. अशा माणसाचे चित्र कोट-टाय घातलेल्या स्टुडिओच्या फोटोतून कसे उभे राहणार?

छापखान्याच्या मालकांनी हे नेमके ओळखले. आम्ही दिलेला केळीच्या बागेतला, हातात कोयता आणि गळ्यात क्रूस असलेला जुना फोटो त्यांनी पार्श्वभूमी न बदलता, केवळ डाग काढून मुखपृष्ठावर घेतला. योहानाच्या शुभवर्तमानातील 11व्या अध्यायाचे 25वे वचन त्यांनी बायबलशी अक्षरशः ताडून पाहिले. वसई भागातल्या सामवेदी बोलीतील आईच्या आठवणीही प्रमाण मराठीत न बदलता, तिच्याच शब्दांत छापल्या.

कागद जाड आहे, मात्र आतील छायाचित्रे थोडी काळपट उमटली आहेत, म्हणून छपाईपूर्वी रंगीत नमुना अवश्य मागावा. 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी तेथे गर्दी असते. त्यामुळे मजकूर सप्टेंबरमध्येच द्यावा.