एमएसच्या रुग्णांसाठी एकाग्रतेची तपासणी: पुण्यातील एका खासगी रुग्णालयातील अनुभव

मल्टिपल स्क्लेरॉसिसचे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंचे आवरण खराब करणाऱ्या एमएस या आजाराचे, निदान होऊन मला सात वर्षे झाली. चालण्याफिरण्यात फारसा फरक पडलेला नसल्याने दर एमआरआयनंतर ‘नवीन डाग नाहीत’ एवढे ऐकून घरचे निश्चिंत होतात. मात्र व्हाउचर तपासताना मध्येच फोन आला, की मला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते. हे एमआरआयच्या अहवालात कुठेच दिसत नाही. म्हणून न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने मी दोन तासांची बौद्धिक तपासणी करून घेतली.

पहिली चाचणी चिन्हे आणि अंक जुळवण्याची, म्हणजे एसडीएमटी. कागदाच्या वरच्या बाजूला नऊ चिन्हे आणि त्यांचे १ ते ९ अंक दिलेले असतात. खाली चिन्हांच्या ओळी, आणि ९० सेकंदांत जमतील तेवढे अंक तोंडी सांगायचे. दिसायला ही बालवाडीतली गंमत वाटते, पण एमएसमध्ये सर्वांत आधी मंदावतो तो मेंदूचा माहिती हाताळण्याचा वेग, आणि तो पकडण्यासाठी ही चाचणी जगभर वापरली जाते. चिन्हांना भाषा नसते, त्यामुळे येथे मला कोणतीच अडचण आली नाही.

अडचण आली ती पुढच्या चाचणीत. पासॅट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत दर तीन सेकंदांनी एक अंक ऐकू येतो आणि तो फक्त त्याच्या आधीच्या अंकात मिळवून उत्तर द्यायचे असते. स्वतःचे उत्तर विसरायचे आणि ऐकलेला अंक लक्षात ठेवायचा, असा हा छळ आहे. (निरोगी माणसेही यात वैतागतात, असे नंतर कळले.) ध्वनिमुद्रण इंग्रजीत होते. माझे शिक्षण मराठी माध्यमातले. ‘सेव्हन’ कानावर पडले की मनात ‘सात’ उमटते, ‘सात आणि आठ पंधरा’ अशी बेरीज होते, आणि तोवर पुढचा अंक आलेला असतो. उत्तर मराठीत दिले तरी चालेल, हे मी निम्म्यावर थांबून विचारल्यानंतर सांगण्यात आले. जी चाचणी वेगच मोजते, तिच्यात भाषांतराचा वेळ मिसळू देणे ही माझ्या मते या सेवेची सर्वांत गंभीर त्रुटी आहे. आकडे मराठीत ध्वनिमुद्रित करून घेणे काही फार खर्चाचे काम नव्हे.

दुसरी तक्रार वेळेची. मला एप्रिलमधील दुपारी तीनची वेळ दिली होती आणि प्रतीक्षागृहात केवळ पंखे होते. उष्णतेने एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात. श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते, आणि त्यामागे शरीराची उष्णता असल्याचे पुढे उमगले. मायलिनचे, म्हणजे चेतातंतूंवरचे, आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश आधीच अडखळत जातो आणि शरीराचे तापमान थोडे वाढले तरी तो आणखी रखडतो. अशा रुग्णांची एकाग्रता तपासणाऱ्या विभागाला हे सांगावे लागू नये.

इतके असूनही पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे श्रेय शेवटच्या अर्ध्या तासाच्या चर्चेला आहे. माझे एसडीएमटीचे गुण ठीक होते. मग संध्याकाळी डोके इतके का शिणते, असे मी विचारले, तेव्हा न्यूरोसायकॉलॉजिस्ट बाईंनी फंक्शनल एमआरआयवरील (काम करताना मेंदूचे कोणते भाग कार्यरत होतात ते दाखवणाऱ्या तपासणीवरील) संशोधन समजावून सांगितले: तेच काम तितकेच अचूक करताना एमएस असलेल्या व्यक्तींच्या मेंदूत अनेकदा निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक भाग, विशेषतः पुढच्या खंडातील, कार्यरत झालेले आढळतात. लक्ष्मी रस्ता बंद असला की पेठांच्या बोळांतून जावे लागते, तसे. पोहोचतो आपण, पण दमून. आजार वाढत गेला की हे बोळही अपुरे पडू लागतात, हेही त्यांनी लपवले नाही. सात वर्षांत हे मला प्रथमच कोणी सांगितले.

ईईजीवर, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदीवर, आधारित पी-३०० ही जादा तपासणीही सुचवली जाते. वेगळा आवाज ओळखताना मेंदूत उमटणारी लहर किती उशिरा येते, ते तीत दिसते. माझ्या उपचारांत तिने काहीच बदल होणार नव्हता, म्हणून मी ती नाकारली.

अहवाल आठ दिवसांत मिळाला, पण गुण कोणत्या वयोगटाशी आणि किती शिकलेल्या लोकांशी ताडले, हे त्यात नव्हते. मागितल्यावर एक पान जोडून दिले. पुढच्या वर्षी तुलनेसाठी मी पुन्हा तेथेच जाणार आहे. सकाळी नऊची वेळ आत्ताच मागून ठेवली आहे, आणि चिन्हांचा संच या वेळेपेक्षा निराळा असावा, हेही लिहून दिले आहे, कारण सरावाने वाढलेले गुण मला नको आहेत.