नाशिकच्या फीटल मेडिसिन सेंटरचा (पोटातल्या बाळाच्या तपासण्या-उपचार करणारं सेंटर) आमचा अनुभव, बाळाच्या डायफ्रॅमला म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याला होल होतं

पाचव्या महिन्यात ॲनोमली स्कॅन (बाळात काही व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी) दुसरीकडे केला होता, तिथे "बाळाचं जठर छातीत दिसतंय, मोठ्या सेंटरला दाखवा" एवढंच बोलून रिपोर्ट हातात दिला. मी तिथेच बाकावर रडत बसले. मग आमच्या गायनॅक मॅडमनी इथे पाठवलं.

अपॉइंटमेंट असून दोन तास बसावं लागलं, पार्किंगचे पण हाल. पण आत गेल्यावर तिथल्या डॉक्टर सरांनी पाऊण तास दिला आणि कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. छाती आणि पोटाच्या मधला पडदा तिसऱ्या महिन्यातच जुळून यायला हवा, आमच्या बाळाचा डाव्या बाजूने जुळलाच नाही, म्हणून आतडी वर सरकली आणि फुप्फुसाला वाढायला जागाच नाही. सासूबाई सारख्या विचारत होत्या की पपई खाल्लीस का, वजन उचललंस का, सरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की हिच्या खाण्यापिण्याने हे झालेलं नाही. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

मी नेटवर वाचून फुगा बसवायचाच असा हट्ट धरून गेले होते. आईच्या पोटातून दुर्बीण घालून बाळाच्या श्वासनलिकेत छोटा फुगा ठेवतात, फुप्फुसात तयार होणारं पाणी आतच साठतं आणि त्या दाबाने फुप्फुस वाढतं, मग ३४ व्या आठवड्याच्या आसपास फुगा काढतात. पडदा काही त्याने शिवला जात नाही, ते ऑपरेशन जन्मानंतरच. २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात गंभीर केसेसमध्ये फुगा बसवलेल्या १०० पैकी ४० बाळं वाचून घरी गेली, न बसवलेल्यांत १५. पण मध्यम केसेसमध्ये तसा ठोस फायदा दिसला नाही, वर पाणमोट लवकर फुटून अपुऱ्या दिवसांची डिलिव्हरी व्हायची भीती. फुप्फुस त्या आठवड्यात जेवढं हवं त्याच्या किती टक्के आहे ते मोजतात, २५ च्या खाली म्हणजे गंभीर. आमचं ४४ आलं, लिव्हर वर छातीत न सरकता खाली पोटातच होतं, त्यामुळे सर स्पष्ट म्हणाले तुम्हाला फुगा नको, डिलिव्हरी मात्र नवजात बाळांचे सर्जन आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) एकाच छताखाली असतील तिथेच करा.

म्हणून ३६ व्या आठवड्यातच मुंबईला बहिणीकडे राहायला गेलो. जन्मल्यावर मास्कने हवा द्यायची नाही, लगेच श्वासनलिकेत नळी टाकायची, कारण मास्कची हवा जठरात जाऊन फुप्फुस अजून दाबलं जातं, हे सरांनी फाईलवर लाल पेनाने लिहून दिलं होतं. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं, २६ दिवस एनआयसीयूत काढले. आता सात महिन्यांचा आहे, पालथा पडतो, वजन थोडं कमी आहे.

जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि आधार कार्ड घेऊन जा, आणि घरात जे कोणी तुम्हाला बोल लावत असेल त्यांनाही सोबत न्या, सर त्यांच्याशी पण बोलतात.