सायलेन्सर गार्ड: डिझेल गाडीला पिंजरा बरा, पत्रा नको

मारुती ईकोचे सायलेन्सर चोरीला जातात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्या भीतीवर फॅब्रिकेशनवाले ट्रॅव्हलर, विंगरसारख्या डिझेल गाड्यांनाही ‘गार्ड’, म्हणजे सायलेन्सर चोरीपासून वाचवणारं लोखंडी आवरण, गळ्यात मारतात. पण ईको चालते पेट्रोल-सीएनजीवर. डिझेलच्या सायलेन्सरची मांडणीच वेगळी. म्हणून आधी गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या आणि खालून बघा.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो, त्याच्या आधी धूर साफ करणारा डीओसी (उत्प्रेरकाचा डबा), आणि काहींत पुढे नायट्रोजनचे विषारी वायू कमी करणारा, युरियावर चालणारा एससीआर. चोराचा डोळा असतो डीओसीतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमवर. पुष्कळ गाड्यांत हा डबा टर्बोला चिकटून, वर इंजिनापाशी असतो. तिथे खालून हात घालून तो पटकन निघत नाही. अशा गाडीला गार्ड म्हणजे वाया पैसा. डबा फ्लोअरखाली लोंबतोय आणि दोन्ही फ्लँजचे (पाइप जोडायच्या चकत्यांचे) बोल्ट पान्याच्या टप्प्यात आहेत, तरच पुढचं वाचा.

गार्ड तीन तऱ्हेचे मिळतात. सगळ्यात जास्त खपतो ३ मिमीचा सपाट पत्रा, आणि आमच्या मते मराठवाड्यात तोच सगळ्यात वाईट. डीपीएफ स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आतला धूर ६०० अंशांच्या आसपास तापतो. पत्र्याने खालचा वारा अडतो, त्यात ऊसपट्ट्यातल्या रस्त्याने गेलात की पाचट त्यावर साचतं. पाचट, उष्णता आणि कुठून तरी गळालेलं डिझेल एकत्र आलं की काय होईल हे सांगायला नको. पावसाळ्यात काळी माती पत्र्यावर बसते ती निघत नाही. ओल धरून पत्रा आणि पाइप दोन्ही गंजवते. पत्राच हवा असेल तर त्याला भरपूर भोकं पाडून घ्या आणि डब्यापासून निदान २५ मिमी मोकळी जागा ठेवा.

वायररोपचा गार्ड दिसायला झकास, पण ६ मिमीचा दोर बॅटरीच्या ग्राइंडरपुढे फार टिकत नाही. शिवाय तो चासीला ताणून बांधला तर वेगळंच दुखणं: सायलेन्सर रबरांवर हलता टांगलेला असतो, तो जखडला की हादरे इंजिनाजवळच्या जाळीदार फ्लेक्सिबल पाइपवर जातात आणि तो चिरतो. लावायचाच तर सैल लावा, आणि पिंजऱ्याच्या जोडीला.

पिंजरा मात्र घेण्यासारखा. १२ मिमीची सळई, दोन सळयांत ६० ते ७० मिमी अंतर: मूठ पाना धरून आत फिरत नाही, चिखल मात्र खाली पडतो. ७ मीटर सळई लागली तर वजन सव्वासहा किलोच्या आतच भरतं. बिल किलोवर करत असतील तर हा हिशेब डोक्यात असू द्या. तयार पिंजऱ्यांची मोठी खोट म्हणजे ते फक्त डब्यापुरते असतात. चोर मग पुढचा-मागचा पाइप कापून बघतो. डबा आत राहतो, पण पाइपचा खर्च तुमच्या बोडक्यावर. डब्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी पाइप झाकला जाईल एवढा पिंजरा लांब मागा. सेन्सरच्या वायरी आणि डीपीएफच्या दाबाच्या नळ्या सळईला घासता कामा नयेत, आणि भरल्या गाडीत गतिरोधकावर पिंजरा टेकतोय का तेही तपासा.

बसवताना चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नका. चीर तिथूनच सुरू होते. कंपनीची मोकळी भोकं बहुतेक पुरतात. नट शिअरचे घ्या, ठरावीक जोराला ज्यांचं डोकं तुटून पडतं ते. आत नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट नकोत, ते नायलॉन उष्णतेने वितळतं. चारही नट शिअरचे केले तर पुढे सेन्सर बदलायला किंवा डीपीएफ साफ करायला तुम्हालाच ग्राइंडर लागेल. म्हणून एक बाजू बिजागरीवर, कोडच्या सॉकेटने (त्याच खाचेच्या खास पान्यानेच) उघडणाऱ्या बोल्टची ठेवा. ते सॉकेट गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात टाकू नका, एवढं कळलं तरी पुष्कळ.

वेल्डिंग गाडीबाहेरच करून आणायला सांगा. ‘दोनच टाके मारतो’ म्हणणाऱ्याला आवरा. गाडीवर टाका मारणं टळत नसेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि वेल्डिंगची अर्थ वायर टाक्याच्या अगदी जवळ लावा, नाहीतर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जाण्याची भीती. डब्याला टाका मारायचाच नाही. आतली सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी वीट तडकते.

गाडी तिरकी झाली की वाजणारा अलार्म वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या कामगारांच्या गाड्यांना उपयोगी, कारण जॅक लावल्याशिवाय खाली शिरणं अवघड. नुसत्या धक्क्यावर वाजणारा घेऊ नका. शेजारून ट्रक गेला की बोंबलतो आणि चार रात्रींत ड्रायव्हर तो बंद करून टाकतो. डब्यावर, वरच्या हीट शील्डवर नव्हे, चासी नंबर कोरून घ्या. चोरीचा माल सापडला तर ओळख पटवायला तोच कामाचा.

पिंजरा बसल्यावर ५०० किलोमीटरला कोडचे बोल्ट पुन्हा आवळा आणि इंजिन रेस करून खडखड ऐका. आवाज आला तर बहुधा सळई पाइपला टेकलेली असते. तिथे रबर कोंबू नका, जळेल. सळई वाकवून घ्या.