प्रोजेस्टेरॉन: महिन्यातले 12-14 दिवस की रोज?

पाळी जाण्याच्या काळातल्या (रजोनिवृत्तीच्या) त्रासासाठी हार्मोन घेताना इस्ट्रोजेन एकटं घेतलं तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. त्याला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन लागतं. ते कसं घेता, त्यावर अंगावरून कसं जाणार हे ठरतं.

महिन्यातले 12 ते 14 दिवस (बहुधा रात्री 200 मिलिग्रॅम, कारण गोळीने झोप येते) घेतलं, की कोर्स संपता संपता पाळीसारखं जातं. हे अपेक्षितच आहे. पाळी अजून अधूनमधून येत असेल, तर हीच पद्धत बरी.

रोज 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांना पाळी नकोच असते. पण पहिले 3 ते 6 महिने कधीही डाग पडतात आणि बायका इथेच घाबरून गोळी सोडतात. इस्ट्रोजेन चालू ठेवून फक्त प्रोजेस्टेरॉन मनाने बंद करणं, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. पाळी जाऊन वर्ष झालं असेल, तर मी रोजचीच पद्धत सुचवेन. थोडा धीर धरला तर बहुतेकींचे डाग थांबतात.

सहा महिन्यांनंतरही अवेळी जात राहिलं, थांबून पुन्हा अवेळी सुरू झालं किंवा खूप गेलं, तर पद्धत कुठलीही असो, डॉक्टरांकडे जा. सोनोग्राफीत अस्तराची जाडी कळते, गरज पडली तर तुकडा तपासतात.